वृद्धाश्रमात रात्री माणसं किती असतात ते विचारा

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

दर दिवाळीला तुमच्याच काय, सगळ्याच पेपरात वृद्धाश्रमातले फोटो येतात. कोणी फराळ वाटतंय, कोणी आजींच्या पाया पडतंय, आणि खाली ओळ असते की पोटच्या मुलांनी पाठ फिरवली पण समाजाने जवळ केलं. त्या मुलांपैकी एक मी आहे, म्हणजे मुलगी. माझे बाबा १४ महिन्यांपासून ठाण्यात घोडबंदर रोडच्या बाजूच्या एका वृद्धाश्रमात आहेत. फराळाबद्दल माझं काही म्हणणं नाही, वाटणाऱ्यांनी जरूर वाटावा, तिथल्या माणसांना खरंच बरं वाटतं आणि चार दिवस त्याच गप्पा चालतात. पण ह्या १४ महिन्यांत मी ह्या विषयावर जे जे वाचलं त्यात एकदाही हे आलं नाही की त्या इमारतीत रात्री दहानंतर जागी माणसं किती असतात, आणि जी असतात त्यांना हे काम शिकवलं कोणी. हे पत्र त्याच्यासाठी.

थोडं आमचं सांगते. बाबा ७८ वर्षांचे, अर्धांगवायूने डावी बाजू गेली, गिळायला त्रास होतो, शुगर जुनी आहे आणि इन्सुलिन चालू आहे. आम्ही वर्तकनगरला तिसऱ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही, मी आणि मिस्टर दोघं नोकरीला. आधी ८ महिने घरीच ब्युरोकडून बाई ठेवून बघितली आणि त्या ८ महिन्यांत ६ बाया बदलल्या, एकीला रुळवावं तर तिच्या गावी कोणाचं तरी लग्न नाहीतर आजारपण, ब्युरोवाला म्हणायचा उद्या दुसरी पाठवतो आणि तो उद्या कधी चार दिवसांनी यायचा. शेवटी आश्रम शोधला. जागा स्वच्छ, जेवण साधं पण गरम, संचालक स्वतः तिथेच राहतात आणि मनाने चांगले आहेत, हे मी मुद्दाम लिहितेय कारण पुढचं वाचून कोणाला वाटेल की मी एका माणसावर राग काढतेय, तर तसं नाहीये.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी ७ ला सिस्टरने बाबांना ठरल्याप्रमाणे इन्सुलिन दिलं आणि ८ ला तिची ड्युटी संपली, ती गेली. जेवण नव्या मावशीने भरवलं. बाबांनी त्या दिवशी खिचडीचे दोन-तीन घास खाल्ले आणि तोंड फिरवलं, तर मावशीने आग्रह केला नाही, तिला वाटलं भूक नसेल. इन्सुलिन झालंय आणि आता ह्यांच्या पोटात काहीतरी गेलंच पाहिजे, हे तिला कोणी सांगितलेलंच नव्हतं. सिस्टरने वहीत लिहिलं होतं, पण वही ऑफिसात होती आणि ऑफिसला कुलूप. पहाटे साडेचारला मावशीला दिसलं की बाबा घामाने निथळताहेत, अंग गार पडलंय, बोलताहेत ते कळत नाहीये. त्या मजल्यावर ती एकटी. तिला एवढं ऐकून माहीत होतं की शुगरवाल्याला असं झालं की गोड द्यायचं, म्हणून तिने धावत जाऊन चहात साखर घालून आणली आणि चमच्याने बाबांच्या तोंडात घातली, बाबा आडवेच होते आणि धड शुद्धीत नव्हते. चहा श्वासनलिकेत गेला. त्यातून न्यूमोनिया झाला, ९ दिवस हॉस्पिटल, त्यातले ३ दिवस आयसीयू. बाबा वाचले. पण आधी धरून चार पावलं चालायचे, ते आता गेलं.

मला त्या बाईचा राग आला होता, खूप आला होता, खोटं कशाला बोलू. हॉस्पिटलात ती भेटायला आली तेव्हा मी तिच्याशी बोललेही नाही. दुसऱ्यांदा आली तेव्हा खाली कॅन्टीनला बसलो आणि मग सगळं कळलं. ती वांगणीहून येते, वयाने माझ्यापेक्षा लहान आहे पण तिथे सगळ्यांनाच मावशी म्हणतात. आधी अंबरनाथच्या एमआयडीसीत पॅकिंगला होती, ती कंपनी बंद झाली म्हणून इथे आली. ट्रेनिंग काय झालं विचारलं तर म्हणाली, ताई दोन दिवस जुन्या मावशीच्या मागे फिरले, तिसऱ्या दिवसापासून माझी मी. बाबांची ती रात्र ही तिची सलग दुसरी ड्युटी होती, कारण पावसाने लोकल बंद पडल्या आणि रिलिव्हर पोचलीच नाही, म्हणजे ती सकाळी ८ पासून उभी होती, पहाटे साडेचारला तिला वीस तास होऊन गेले होते. आणि तरीही ती जागी होती, तिने बघितलं, ती धावली. झोपली असती तर सकाळी ८ पर्यंत कोणी बघितलंच नसतं, आणि मग काय झालं असतं ते डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलंय.

हे कुठल्याही आश्रमात शिकवायला अर्धा तास लागतो. शुगर ७० च्या खाली गेली आणि माणूस शुद्धीत आहे, नीट गिळतोय, तर त्याला बसतं करून तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, पंधरा मिनिटांनी परत मशीनवर बघा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही म्हणजे काहीच घालायचं नाही, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. इन्सुलिन झालंय आणि जेवला नाही तर लगेच वरिष्ठांना कळवा. लकवा झालेल्याला भरवताना सरळ बसवायचं, मान जरा पुढे, घास छोटा, आणि जेवल्यावर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. उचलताना खांद्याला धरून ओढायचं नाही, लुळ्या बाजूचा खांदा त्याने निखळतो. बस, एवढंच. हे काही डॉक्टरीचं ज्ञान नाही पण कोणीतरी समोर बसवून, हाताने करून दाखवायला लागतं, आणि नुसतं एकदा नाही, माणसं बदलत राहतात तर परत परत दाखवायला लागतं.

पण नुसतं ट्रेनिंग ट्रेनिंग म्हणून भागणार नाही, कारण शिकवलेलं करायला हात पण हवेत. मी बँकेत काम करते, आकड्यांची सवय आहे, म्हणून एका रविवारी तिथेच बसून हिशोब मांडला. बाबांच्या आश्रमात ३८ माणसं, त्यातली ११ पूर्ण बिछान्यावर. बिछान्यावरच्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायला लागते नाहीतर माकडहाडापाशी आणि टाचांना जखमा होतात, बेडसोर म्हणतात ते, एकदा झाले की महिनोन् महिने भरत नाहीत. एकाची कूस बदलायची, डायपर बघायचा, ओला असेल तर पुसून बदलायचा, चादर सारखी करायची, ह्याला घाई केली तरी दहा मिनिटं. ११ माणसं म्हणजे ११० मिनिटं. दोन तासांतले ११० मिनिटं एक माणूस फक्त हेच करणार आणि शेवटच्या माणसाचं झालं की दहा मिनिटांत परत पहिल्यापासून, रात्रभर. आणि जड माणसाला एकटीने वळवताच येत नाही, दोघी लागतात. रात्री त्या आश्रमात दोघीच असतात, एक खालच्या मजल्यावर आणि एक वरच्या. मग बाकीच्या २७ जणांपैकी कोणी संडासला जाताना पडलं, कोणाला धाप लागली, कोणी भ्रमात उठून दार वाजवायला लागलं तर बघायचं कोणी. म्हणजे कुशी बदलल्या जात नाहीत, एवढं सरळ आहे. वहीत मात्र दर दोन तासांची टिकमार्क असते. पहाटे सहाला सगळ्या रात्रीच्या टिका एकदम मारताना मी स्वतः बघितल्यात, आणि मी त्या मुलीला काही बोलू शकले नाही.

माणसं कमी पडली की जे होतं ते एका दिवसात दिसत नाही, हळूहळू होतं म्हणून नातेवाइकांच्या लक्षात येत नाही. ज्यांना धरून नेलं तर संडासपर्यंत जमतं त्यांनाही डायपर लावतात कारण धरून न्यायला वेळ नाही, मग महिन्याभरात त्यांचं चालणं सुटतं आणि बिछान्यावरच्यांत एकाची भर पडते. संध्याकाळी जेवणं घाईघाईने उरकतात कारण दिवसाचा स्टाफ ८ ला जायच्या आत ताटं घासून व्हायला हवीत. पाणी मागायचं नाही अशी सवय लागते, आजी स्वतःच म्हणतात नको गं, परत रात्री उठवायला लागेल कोणालातरी, आणि मग उन्हाळ्यात त्यांना लघवीचं इन्फेक्शन होतं, म्हाताऱ्या माणसाला ते झालं की ताप यायच्या आधी बरळणं सुरू होतं आणि मग सगळे म्हणतात हिचं डोकं फिरलं. एका आजोबांचे हात रात्री मऊ फडक्याने कॉटला बांधलेले असायचे, नळी ओढतात म्हणून. मी विचारलं तर उत्तर मिळालं की ताई, जवळ बसायला माणूस दिला तर बांधायची गरज नाही. हे उत्तर खरं आहे म्हणून तर झोप येत नाही.

संचालकांना मी विचारलं, माणसं वाढवा ना. ते म्हणाले मिळत नाहीत, आणि मिळाली तर टिकत नाहीत. जी मुलगी सहा महिन्यांचा जनरल ड्युटी असिस्टंटचा कोर्स करते ती आश्रमात कशाला येईल, ठाण्यात एवढी हॉस्पिटलं आहेत, तिथे दोन पैसे जास्त, पीएफ, युनिफॉर्म, आणि पुढे कुठेतरी जायची वाट. दोन वर्षांचा एएनएम हा नर्सिंगचा कोर्स केलेली तर बघायलाच नको. आणि आता तर शिकलेल्यांना परदेश खुला झालाय. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, दहा हजार कुशल माणसं पाठवायची म्हणून, त्या यादीत परिचारिका होत्या आणि आजारी व वयोवृद्धांची शुश्रूषा करणारेही होते, त्यांना जर्मन भाषा शिकवायची सोय सरकारने केली. आपल्या पोरी तिकडे जाऊन चार पैसे मिळवणार असतील तर मला आनंदच आहे, जाऊ देत. पण जर्मनीतल्या आजोबांना उचलायला माणूस लागतो, तो शिकलेला लागतो, त्याला पगार नीट लागतो, हे जर आपल्या सरकारला कळतं, तर कासारवडवलीतल्या आजोबांनाही तसाच माणूस लागतो हे कळायला काय अवघड आहे?

कायद्याचंही मी थोडं वाचलं, वकील नाही पण मराठी-इंग्रजी वाचता येतं. २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आपल्याकडे सगळ्यांना एवढाच माहीत आहे की मुलं बघत नसतील तर प्रांत साहेबांकडे अर्ज करायचा आणि महिन्याला जास्तीत जास्त १०,००० पर्यंत पोटगी मिळते. त्याच कायद्यात कलम १९ आहे. प्रत्येक जिल्ह्यात निदान एक, किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठीचा वृद्धाश्रम सरकार काढू शकतं असं पहिल्या भागात आहे, आणि दुसऱ्या भागात राज्य सरकारला वृद्धाश्रमांच्या व्यवस्थापनाची योजना आणि दर्जा ठरवायचा अधिकार दिलाय. म्हणजे अधिकार आहे, आणि कित्येक वर्षांपासून आहे. डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत ह्या कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आलं होतं, त्यात खासगी केअर होम आणि घरी माणसं पुरवणाऱ्या संस्था ह्यांची नोंदणी, त्यांच्यासाठी किमान दर्जा, हे सगळं होतं. ते पास झालं नाही आणि २०२४ ला लोकसभेची मुदत संपली तेव्हा ते बारगळलं. मला आठवतं तेव्हा टीव्हीवर फक्त एवढीच चर्चा होती की आता जावयाला आणि सुनेलाही पोटगी द्यावी लागणार का. रात्रपाळीचं कोणी बोललं नाही.

आपल्या सोसायटीतल्या लिफ्टची तपासणी होते, कोपऱ्यावरच्या वडापाववाल्यालाही फूड लायसन्सचा नंबर लावायला लागतो. माझं मागणं त्याच धर्तीवरचं आहे. प्रत्येक वृद्धाश्रमाच्या दारात एक बोर्ड असावा, आज इथे राहणारी माणसं किती, त्यातली बिछान्यावरची किती, दिवसपाळीला किती स्टाफ, रात्रपाळीला किती, आणि त्यातले शिकलेले किती. रोज खडूने लिहिला तरी चालेल. बघायला येणारा नातेवाईक आज हॉल बघतो, बाग बघतो, एसी आहे का विचारतो, मीही तेच केलं होतं, रात्रीचं विचारायचं मला सुचलंच नाही. समाजकल्याण खात्याने आणि ठाणे, नवी मुंबई दोन्ही महापालिकांनी मिळून वर्षातून दोनदा रात्री अकरानंतर न सांगता जाऊन तो बोर्ड खरा आहे का ते बघावं. सकाळी अकराला गेलात तर सगळीकडे सगळं छानच असतं. माझी मावसबहीण नेरुळला राहते, तिच्या सासूबाई तिथल्या एका रो-हाऊसमधल्या आश्रमात आहेत, तिचाही अनुभव हाच आहे.

आणि शिकवायचं म्हटलं तर जागा शोधायची पण गरज नाही. कळव्याला ठाणे महापालिकेचं स्वतःचं हॉस्पिटल आहे, त्याला जोडून मेडिकल कॉलेज आहे. महिन्यातून तीन दुपारी आश्रमातल्या मावश्यांना तिथे बोलवा, भरवणं, वळवणं, उचलणं, शुगर बघणं, डायपर आणि जखमा, आणि भ्रम झालेल्या माणसाशी बोलायचं कसं, एवढं शिकवा आणि शेवटी सही-शिक्क्याचा कागद द्या. तो कागद महत्त्वाचा आहे हे मला त्या मावशीने सांगितलं, ती म्हणाली कागद असला तर मला पण सांगता येईल की मी हे काम करते, नाहीतर लोक विचारतात काय करतेस, तर सांगायचं काय, म्हातारी माणसं धुते? हे ऐकून माझ्या डोळ्यात पाणी आलं. बाबांना मी ज्या भरवशावर ठेवलंय तो भरवसा ह्या बाईवर आहे आणि तिच्याकडे दाखवायला एक कागद नाही.

आता पैशाचं, कारण ते टाळून काही होणार नाही. रात्रीची एक जागा वाढवायची तर आठवड्याचे ७ रात्रींचे ८४ तास होतात, आठवड्याला ४८ तास एका माणसाने करायचे म्हटले तर पावणेदोन, म्हणजे दोन माणसं नेमायला लागतील. प्रत्येकी १६,००० धरा, ३२,००० झाले, ३८ जणांत वाटले तर डोक्यामागे महिन्याला साधारण साडेआठशे रुपये. मी आत्ता २८,००० भरते. मी वरचे साडेआठशे देईन, आणि आश्रमातल्या माणसांच्या नातेवाइकांचा आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे त्यावर विचारलं तर १९ जण हो म्हणाले, दोघं नाही म्हणाले, बाकीच्यांनी उत्तर दिलं नाही. दोघं नाही म्हणाले त्यांची परिस्थिती मला माहीत आहे, त्यांना खरंच झेपणार नाही. आणि ज्या संस्था ज्यांचं कोणीच नाही अशांना फुकट ठेवून घेतात त्यांच्याकडून तर फी कुठून काढणार, तिथे सरकारने माणसांच्या पगारासाठीच पैसे द्यायला हवेत. देणगीदारांनाही हात जोडून सांगते, पंखे आणि ब्लँकेटं झाली असतील तर एका रात्रीच्या मावशीचा वर्षाचा पगार द्या, त्याच्यावर तुमच्या आईचं नाव घाला हवं तर.

आम्ही नातेवाइकांनी तेवढ्यापुरतं एक केलंय. इन्सुलिनची वही आता ऑफिसात नाही, मजल्यावर दोरीला बांधलेली असते, आणि सिस्टर जाताना कोणाला इन्सुलिन झालं त्यांची नावं फळ्यावर लिहून जाते. ग्रुपमधल्या एकांच्या सूनबाई फिजिओथेरपिस्ट आहेत, त्या दोन रविवार येऊन उचलायचं आणि वळवायचं शिकवून गेल्या, सहा मावश्या होत्या, त्यातल्या दोन आता सोडूनही गेल्या. वांगणीची मावशी आहे अजून. परवा तिनेच नवीन मुलीला दाखवलं की भरवताना उशी कुठे लावायची. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा हेल्पलाईन नंबर आहे, सकाळी ८ ते रात्री ८, तोही आम्ही भिंतीवर लिहून ठेवलाय.

पत्र छापलंत तर माझं नाव आणि आश्रमाचा ठावठिकाणा छापू नका ही विनंती. भीती संचालकांची नाही. पण उद्या उगाच बदनामी होऊन ही जागा बंद पडली तर ३८ माणसं कुठे न्यायची, बाबांना मी परत तिसऱ्या मजल्यावर आणू शकत नाही. ते अजून तिथेच आहेत, आज रात्रीही त्यांच्या मजल्यावर एकच मावशी आहे.

आपली,
एक वाचक, वर्तकनगर, ठाणे